तुम्ही विचारलंत म्हणून : हिरवा ठिपका नवा कशावरून?

मी शैवालांवर काम करते हे कळलं की इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत, काकूंपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत, एकच प्रश्न येतो : ‘अहो, मायक्रोस्कोपखाली नुसता हिरवा ठिपका दिसतो. त्याची जात नवी, हे ठरवता कशावरून?’

ठिपका बघून ते ठरतच नाही. क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालाचंच घ्या. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1890 मध्ये तिला नाव दिलं. पेशी जेमतेम 2 ते 10 मायक्रॉनची, गोल, ना शेपटी ना काटे. पुढे जो गोल हिरवा जीव दिसेल तो याच नावाखाली नोंदला गेला आणि जातींची संख्या शंभरावर गेली. 1999 मध्ये जनुकं ताडून पाहिली, तेव्हा खऱ्या क्लोरेला मोजक्याच उरल्या. बाकीच्यांतल्या काही तर वेगळ्याच वर्गातल्या निघाल्या.

सीनडेस्मस या दुसऱ्या हिरव्या शैवालाचा प्रकार याच्या उलट. त्यातलं काही वाण प्रयोगशाळेत एकेकट्या पेशींनी वाढतं. पण डॅफ्निया, म्हणजे शैवाल खाणारा चिमुकला पाणपिसू, ज्या पाण्यात राहिला ते गाळून त्यात घातलं, की नव्या पेशी चार-चार, आठ-आठ चिकटूनच जन्मतात. शत्रूचा नुसता वास पुरतो. म्हणजे एकच जीव दोन रूपांत, आणि दोन नावं पडायला मोकळा.

म्हणून सिरपूर तलावाचं पाणी आणलं की आधी आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, रेघा ओढून वाण सुटं करायचं. एका पेशीपासून वाढलेली वसाहत हाती आली की तिचा अख्खा जीवनक्रम बघायचा. मला यातला सगळ्यांत आवडतो तो क्षण म्हणजे आईपेशीची भिंत फाटून आतल्या पिल्लपेशी बाहेर पडतात तो. भिंतीचा रिकामा तुकडा शेजारीच तरंगत राहतो. मग आयोडीनचा थेंब : हरितलवकातल्या पायरेनॉइड नावाच्या गोळीभोवतीचं स्टार्चचं कडं काळपट निळं होतं, ते अखंड आहे की तुटक, तेही टिपायचं. जनुकांचा क्रम यानंतर. नर-मादीचा मेळ जमतो का, ही कसोटी इथे कामाची नाही. क्लोरेलात तो कुणी पाहिलेलाच नाही. तेव्हा आयटीएस-2 या जनुकीय तुकड्याची घडी पडते तेव्हा समोरासमोर जुळणाऱ्या अक्षरांच्या जोडीतली दोन्ही अक्षरं मिळून बदलली आहेत का, हे बघतात; तशी बदलली असतील तर जाती वेगळ्या मानतात. तो पुरावा बराच वजनदार, पण मी एकट्या त्याच्यावर नाव ठेवणार नाही. क्रम जुळवणाऱ्यांनी जिवंत पेशी पाहिलेलीच नसते, हे मला खटकतं.

नाव ठेवताना लॅटिन वर्णनाची सक्ती 2012 पासून गेली, इंग्रजी चालतं. प्रमाण-नमुना, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना, मात्र ठेवावाच लागतो. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं वाण, निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे गोठवून ठेवलं, तरी तो नमुना म्हणून चालतो. माझं म्हणणं ज्याला पटणार नाही त्याने तेच वाण मागवावं, वाढवावं आणि मला खोडून काढावं.