दोन राष्ट्रगीतांमधली बेकी हॅमन

२१ ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिम्पिकमधल्या महिला बास्केटबॉलच्या उपान्त्य सामन्यापूर्वी अमेरिका आणि रशियाचे संघ राष्ट्रगीतांसाठी उभे होते. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि रशियाच्या गणवेशातल्या, जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या एका खेळाडूने उजवा हात छातीवर ठेवला. ती रशियाचे नागरिकत्व घेतलेली अमेरिकन खेळाडू बेकी हॅमन होती. त्या वेळी माझेही मत तिच्या विरोधातच होते. पैशासाठी देश बदलला, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले होते. तिची सगळी कारकीर्द नीट वाचल्यावर ते मत टिकले नाही.

हॅमनचा जन्म १९७७ मध्ये साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत झाला. चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला माउंट रशमोर या गावापासून जवळच आहे. कोलोराडो स्टेट विद्यापीठाकडून खेळून तिने नाव कमावले, तरी डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९९९ च्या खेळाडू-निवडीत एकाही संघाने तिला घेतले नाही. न्यूयॉर्क लिबर्टीने नंतर तिला करारबद्ध केले आणि तिथून तिने आपली जागा स्वतःच्या हिमतीवर मिळवली. २००७ मध्ये सॅन अँटोनियोकडून खेळताना सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ती दुसरी आली. त्याच सुमारास अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघासाठी विचारात असलेल्या तेवीस जणींची यादी जाहीर झाली, आणि तिच्यात हॅमनचे नाव नव्हते. ज्या हंगामात ती देशातली दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू ठरली, त्याच हंगामात देशाला तेवीस नावांतही तिची आठवण झाली नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

आता पैशाबद्दल, कारण सगळा राग त्यावरच होता. त्या काळी डब्ल्यूएनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूंनाही वर्षाला एक लाख डॉलरच्या आतच पगार मिळत असे. त्यामुळे उन्हाळ्यातला हंगाम संपला की अमेरिकेच्या नामवंत खेळाडू हिवाळ्यात रशियात किंवा तुर्कस्तानात खेळायला जात. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूही त्याला अपवाद नव्हत्या. मॉस्कोच्या सीएसकेए क्लबशी हॅमनने केलेला करार चार वर्षांसाठी सुमारे वीस लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळे रशियन पासपोर्ट असलेली अमेरिकन खेळाडू क्लबच्या दृष्टीने अधिकच मोलाची होती. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार सोळा वर्षांच्या वयानंतर नागरिकत्व घेतलेली एकच खेळाडू राष्ट्रीय संघात ठेवता येते, आणि रशियाने ती एकमेव जागा हॅमनला दिली. म्हणजे पैसा होता, हे खरेच. पण ज्या स्वप्नासाठी ती आयुष्यभर खेळली, त्या ऑलिम्पिकचे दारही त्याच पासपोर्टने उघडत होते. तिने अमेरिकेचे नागरिकत्व सोडले नव्हते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच आपले भारतीय नागरिकत्व संपते, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला हा तपशील सहज लक्षात येत नाही.

अमेरिकेच्या प्रशिक्षक अॅन डोनोव्हन यांनी मात्र हॅमन आपल्या दृष्टीने देशभक्त नाही, असे जाहीरपणे सांगितले. हे वाक्य कठोर होते, पण ते कुठून आले हेही समजून घेतले पाहिजे. डोनोव्हन १९८० च्या अमेरिकन संघात होत्या, आणि अमेरिकेने मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकल्यामुळे त्यांची ती स्पर्धा हुकली होती. पुढे १९८४ आणि १९८८ मध्ये त्यांनी सुवर्णपदके जिंकली. ज्या बाईने देशाच्या शब्दाखातर मॉस्कोवर पाणी सोडले, तिला मॉस्कोचा गणवेश घातलेली आपल्याच देशातली मुलगी खुपली, तर त्यात नवल नाही. तरीही मला डोनोव्हन यांचा निवाडा पटत नाही, कारण त्यांना त्यांच्या देशाने संघात घेतले होते.

त्या उपान्त्य सामन्यात अमेरिकेने रशियाला ६७-५२ असे हरवले आणि हॅमनला फक्त तीन गुण करता आले. दोन दिवसांनी कांस्यपदकासाठी चीनविरुद्ध तिने २२ गुण केले. रशिया ९४-८१ असा जिंकला. २०१२ मध्ये लंडनला ती पुन्हा रशियाकडून खेळली, पण तिथे संघ चौथा आला.

लंडनहून परतताना विमानात तिच्या शेजारच्या आसनावर ग्रेग पोपोविच बसले होते. एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाचे हे तेव्हाचे प्रशिक्षक अमेरिकेच्या हवाई दल अकादमीचे पदवीधर, आणि त्यांचा पदवीचा विषय सोव्हिएत अभ्यास! दोघांच्या त्या प्रवासात भरपूर गप्पा झाल्या. २०१४ मध्ये हॅमन खेळातून निवृत्त झाली आणि पोपोविच यांनी तिला स्पर्सची सहायक प्रशिक्षक नेमले. एनबीएमध्ये पूर्णवेळ, पगारी असे हे पद मिळवणारी ती पहिली स्त्री. डिसेंबर २०२० मध्ये पोपोविच यांना सामन्यातून बाहेर काढले गेले, तेव्हा संघाची सूत्रे तिने हाती घेतली. पुढे डब्ल्यूएनबीएतल्या लास व्हेगास एसेस संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून तिने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली, आणि २०२३ मध्येच तिचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान दालनात, समावेश झाला. अमेरिकेने तिच्या या कामगिरीचा मोठा गौरव केला, आणि तो रास्तच होता. पण पोपोविच यांच्या शेजारी ती त्या दिवशी बसली होती, ती रशियाचा गणवेश घालून लंडनला गेली होती म्हणून.