सरांनी न सांगितलेली ओळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला. सहली, स्नेहसंमेलनं आठवून पाहिली. पण डोळ्यांसमोर येत राहिला तो सभागृहाच्या खिडक्यांवर लावलेला काळा कपडा.

१९७८ साल, मी नववीत. चित्रकलेच्या सरांनी जिल्ह्याच्या गावातल्या फिल्म सोसायटीकडून ‘बायसिकल थीव्ज’ आणला होता. व्हित्तोरियो डी सिकाचा १९४८चा इटालियन चित्रपट. आम्हाला नावातला ‘चोर’ तेवढा कळला, त्यामुळे मारामारी असणारच म्हणून पुढच्या सतरंज्या पटकावल्या. बोलणं इटालियन, खालच्या ओळी इंग्रजी. आमची ओळ वाचून होईपर्यंत ती गेलेली असायची. म्हणून सर प्रोजेक्टरशेजारी उभे राहून मराठीत सांगत होते.

युद्धानंतरचं रोम. अंतोनियोला भिंतींवर पोस्टर लावायचं काम मिळतं, पण सायकल हवी आणि ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सुटते. गहाणवटीचा माणूस त्या चादरींचं गाठोडं घेऊन उंच मांडणीवर चढत जातो, तिथे आधीच छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. ‘एवढ्या लोकांच्या चादरी?’ कुणीतरी मोठ्याने म्हणालं. पहिल्याच दिवशी रिटा हेवर्थचं पोस्टर चिकटवताना सायकल चोरीला जाते. मग बाप आणि छोटा ब्रुनो रविवारभर शहर पालथं घालतात. मारामारी नाहीच. हॉटेलात ब्रुनो चीजची लांबच लांब तार ओढतो तेव्हा सगळे हसलो. चीज कुणी पाहिलं होतं!

सर मधल्या रीळ बदलात सांगायचे. अंतोनियो झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरच कारखान्यातला कामगार. १९५२च्या भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला आणि वर्षभराने बिमल रॉयचा ‘दो बिघा जमीन’ आला. सत्यजित रायनी ‘बायसिकल थीव्ज’ त्याआधीच लंडनमध्ये पाहिला होता. ही नावं तेव्हा डोक्यावरून गेली. ब्रुनो झालेला एन्झो स्तायोला मोठेपणी गणिताचा शिक्षक झाला, हे मात्र मी नंतर वाचलं. सरांना सांगायला हवं होतं, खूश झाले असते.

शेवटी अंतोनियो स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. लोक थपडा मारतात, टोपी खाली पडते, ब्रुनो रडत बापाचा कोट ओढतो. लोक काहीतरी बोलत होते, पण सर गप्प. सायकलवाला मुलाकडे बघून तक्रार सोडून देतो, एवढंच त्यांनी सांगितलं. घशाशी काही अडकलं असेल, असं आम्हाला वाटलं. घरी जाताना स्टँडवर प्रत्येकाने आधी कुलूप चाचपलं.

पंचवीसेक वर्षांनी सीडीवर पाहिला, तेव्हा ती ओळ वाचता आली. गर्दीतला एक जण अंतोनियोला म्हणतो, छान शिकवतोस की मुलाला! समोर चाळीस मुलं बसलेली. त्यांतल्या कितीजणांचे वडील कुणाकुणाच्या दारात हात जोडून उभे राहिलेले, ते सरांना फीच्या वहीतून ठाऊक होतं. माझेही त्यात होते.

मागच्या दिवाळीत नातीला तो दाखवला. वाचायचा कंटाळा म्हणून मीच मराठीत सांगत होतो. ती ओळ आली, मी गप्प बसलो. पण ती इंग्रजी शाळेतली. म्हणाली, ‘आजोबा, हे का नाही सांगितलंत?’