ह्यूस्टन की अटलांटा?

धाकट्याला अमेरिकेत दोन ऑफर आल्यात, एक ह्यूस्टनला एक अटलांटाला, आणि चार दिवस झाले आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नाही. त्याचं म्हणणं टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, जॉर्जियात आहे, मग ह्यूस्टनच. पण तिथं घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्स दणकून बसतो, ते कोण बघणार.

माझं घोडं मात्र पाण्यापाशी अडलंय. २०१७ ला हार्वे वादळात तिथं अ‍ॅडिक्स आणि बार्कर धरणांतनं पाणी सोडलं आणि खाली बफेलो बायूच्या काठची घरं बुडाली, हे वाचलं आणि मला थेट २०१९ चा ऑगस्ट आठवला, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर आणि आम्ही भडंगाची पिशवी घेऊन गच्चीत. भिंतीवरची ती रेघ रंगाचे दोन हात मारले तरी दिसते अजून.

अटलांटा निदान हजारभर फूट उंचीवर आहे, झाडी आहे, ट्रेन थेट एअरपोर्टात जाते. वसंतात परागकणांनी गाड्या पिवळ्याधमक होतात म्हणे, आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सीझनला होतात तशा, तेवढं चालतंय की. ट्रॅफिक दोन्हीकडं बेकार.

काल फोनवर म्हणाला, "दादा, ह्यूस्टनला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, मग तर झालं?"