तुम्ही विचारलंत म्हणून: चालणे वाढवू की जेवण कमी करू?

"मॅडम, रोज सकाळी तासभर चालते, तरी काटा जागचा हलत नाही. आता चालणे वाढवू की जेवण कमी करू?" रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला दवाखान्यात तर विचारला जातोच, पण लग्नाच्या पंगतीत आणि बाजारात मासे घेतानाही त्यातून सुटका नसते. उभ्या उभ्या द्यायचे उत्तर असे की, आधी ताटातून थोडे काढा, चालणे आहे तसे सुरू ठेवा आणि चाललात म्हणून जास्त खाऊ नका. मात्र कारण कळल्याशिवाय हे कोणाला पटत नाही आणि पटले तरी आठवडाभराच्या पुढे टिकत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम चालण्याचा हिशेब पाहू. (येथे कॅलरी म्हणजे खाद्यपदार्थांच्या पाकिटावर छापलेली किलोकॅलरी.) 65 किलो वजनाची बाई सपाट रस्त्यावर तासाभरात चार किलोमीटर चालली, तर त्या तासात तिचे शरीर साधारण 200 ते 210 कॅलरी खर्च करते. पण तोच तास तिने घरी बसून काढला असता तरी श्वास, हृदय, मेंदू यांच्या कामासाठी 65 ते 70 कॅलरी लागल्याच असत्या. म्हणजे निव्वळ चालण्यामुळे झालेला जादा खर्च सुमारे 140 कॅलरींचा. मनगटावरच्या घड्याळात दिसणारा आकडा बहुतेक वेळा एकूण खर्चाचा असतो, शिवाय तो अंदाजच असतो, आणि लोक मात्र तो आजची कमाई म्हणून धरतात. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालणारे मला सांगतात की वाळूत जास्त ताकद लागते. ते खरेच आहे, पण ती कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत, आणि प्रत्यक्षात सगळे जण पाण्याच्या कडेने ओल्या, घट्ट वाळूवरून चालत असतात. चढणीचेही तसेच. 70 किलोच्या माणसाने पाखाडी चढत चढत 100 मीटरची उंची गाठली, तर केवळ त्या चढण्याचे त्याला 70 कॅलरींच्या आसपास श्रेय मिळते. दम लागतो त्या मानाने आकडा फार लहान आहे, हे मलाही मान्य आहे.

आता चालून परत आल्यावर काय होते ते पाहा. चहात दोन चमचे साखर, म्हणजे 40 कॅलरी, आणि त्याबरोबर चार साधी ग्लुकोज बिस्किटे, म्हणजे साधारण 100. दुधाचा हिशेब न धरताही सकाळचा तास तेथेच फिटला. यात कोणी हावरटपणा केलेला नसतो. चार बिस्किटांना आपण खाणे असे म्हणतच नाही, आणि चालून आल्यावर भूकही लागलेली असते.

येथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो मला आवडतो, कारण खरे उत्तर त्यातच आहे. "आमची आजी तिन्ही वेळा भात खायची, तिच्या प्रत्येक पदार्थात नारळ असायचा, तरी ती शेवटपर्यंत काटक होती." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 55 किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला 1660 कॅलरी लागतात आणि तेवढ्याच वजनाच्या, अतिकष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला 2720. आजी विहिरीवरून पाणी भरून वर आणत होती, आषाढात दिवसभर चिखलात वाकून लावणी करत होती, भात कांडत होती आणि बाजाराला पायी जात होती. आपल्याकडे नळ आला, मिक्सर आला, दारात स्कूटर आली, पण जेवणाची पद्धत तिच्याच दिवसाच्या मापाची राहिली. त्या दोन दिवसांमधला फरक हजार कॅलरींहून अधिक आहे, आणि तो आपण 140 कॅलरींच्या फेरफटक्याने भरून काढू पाहतो.

मग चालणे दोन-तीन तासांवर न्यावे का? ज्यांना वेळ आणि गुडघे दोन्ही आहेत त्यांनी जरूर चालावे, पण हिशेब तेवढ्याच पटीने वाढत नाही. टांझानियाच्या उत्तर भागात शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या हाडझा लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला व 2012 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर, पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या लोकांपेक्षा वेगळा आढळला नाही. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कोठेतरी काटकसर करते, असे पॉन्टझर यांचे म्हणणे आहे. ही काटकसर किती आणि कोणाच्या बाबतीत होते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण चालणे दुप्पट केले म्हणून वजन दुप्पट वेगाने उतरलेले माझ्याकडच्या नोंदींतही क्वचितच दिसते. बरेच जण सकाळी जोरात चालतात आणि मग दुपारभर आडवे होतात, हेही त्यामागचे एक साधे कारण आहे.

उलट टोकाला गेल्यावर काय होते, ते मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये केलेल्या प्रयोगात दिसले. स्वेच्छेने आलेल्या 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या जवळपास निम्मा, म्हणजे दिवसाला सुमारे 1570 कॅलरींचा आहार देण्यात आला आणि त्याबरोबर आठवड्याला 22 मैल, म्हणजे साधारण 35 किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. पण ती मुले सतत गारठलेली, थकलेली आणि चिडलेली असत, खाण्याखेरीज त्यांना दुसरे काही सुचत नसे आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तीही चांगलीच खाली आली. लग्न महिन्यावर आले म्हणून सकाळी फळ, रात्री काकडी आणि दोन वेळा चालणे असा बेत करून येणाऱ्या मुलींना मी हा प्रयोग आवर्जून सांगते. त्या मुलींचा बेत कीज यांच्या बेताहून कडक असतो, हे त्यांच्या लक्षातच आलेले नसते.

म्हणून ताटातली कपात 250 ते 300 कॅलरींची असावी, असे माझे मत आहे. दिवसाला 500 कमी करा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो थोराड बांध्याच्या माणसाला मानवतो. जिची गरजच 1660 आहे, तिला 500 वजा जाता 1160 उरतात आणि एवढ्यात प्रथिने, लोह, कॅल्शियम बसवताना माझीही तारांबळ उडते. दुसरा एक जुना हिशेब असा की एक किलो चरबी म्हणजे 7700 कॅलरी, तेव्हा रोज 250 कमी केल्या की वर्षाला जवळजवळ 12 किलो उतरतील. तसे होत नाही, कारण वजन उतरेल तसे शरीर लहान होते आणि त्याचा खर्चही कमी होत जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या गणितानुसार रोजच्या 250 कॅलरींच्या कायमच्या कपातीने शेवटी 11 किलोंच्या आसपास वजन उतरते, पण त्यातले निम्मेच पहिल्या वर्षात, आणि उरलेल्यासाठी आणखी दोन वर्षे जातात. वर्षात पाच किलो उतरले म्हणून हिरमुसून येणाऱ्यांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवते. ते नापास झालेले नसतात, त्यांचे सगळे वेळापत्रकाप्रमाणेच चाललेले असते.

या 250 कॅलरी आपल्या ताटात कोठे सापडतात? मी सगळ्यांना घरची भाताची वाटी घेऊन यायला सांगते. ती भरून स्वयंपाकघरातल्या लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली की बोलणेच खुंटते. एकीच्या वाटीत शिजलेला भात 120 ग्रॅम भरतो, दुसरीच्या वाटीत, दाबून भरल्यामुळे, 250, आणि दोघींनीही वहीत 'एक वाटी भात' असेच लिहिलेले असते. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 130 कॅलरी असतात. भात सोडायला मी सांगत नाही, कारण कोकणात भात सोडलेला माणूस तीन आठवड्यांत परत भातावर येतो आणि तो दुपटीने येतो. आमटीचा भात तसाच ठेवून नंतरचा ताकभात निम्मा केला तरी शंभरेक कॅलरी निघतात.

मग नारळ. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी असतात आणि त्यातल्या बहुतेक स्निग्धांशातून येतात, म्हणजे मूठभर, 30 ग्रॅम खवलेले खोबरे शंभराच्या पुढे जाते. आमटीला वाटण, भाजीवर खोबरे आणि शेवटी सोलकढी असे तीनदा तो एकाच जेवणात येतो, आणि जेवणाऱ्याला मात्र एकदाच खाल्ल्यासारखे वाटते. वाटणाच्या दिवशी भाजीवर खोबरे घालू नये आणि सोलकढीऐवजी कोकमाचे सार करावे, एवढे पुरते. तेलाचा एक लहान चमचा म्हणजे 45 कॅलरी, त्यामुळे मासा रवा लावून तळायचा की तिखले करायचे, हा प्रश्न वजनाच्या दृष्टीने माशाच्या जातीपेक्षा महत्त्वाचा आहे. मासा स्वतः आपल्या बाजूचा आहे. बांगडा, तारली यांच्या 100 ग्रॅम मांसात 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि खाणे कमी असताना चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत यासाठी ती लागतात. शाकाहारी घरांनी कुळथाच्या पिठीला गरिबाघरचे जेवण समजणे आता सोडावे. सुक्या कुळथात 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

आंब्याविषयीही विचारणा होतेच. हापूसच्या 100 ग्रॅम गरात 60 ते 65 कॅलरी असतात. तो कापून, भाताची किंवा चपातीची वाटणी कमी करून खावा. साखर घातलेला रस आणि त्याबरोबर पुऱ्या ही वेगळी गोष्ट झाली. रत्नागिरीत बसून हापूस बंद करायला सांगण्याइतके धैर्य माझ्यात नाही. उपवासाबद्दल एवढेच की साबुदाण्याच्या खिचडीत कूट आणि तूप सढळ हाताने पडत असेल, तर तो दिवस वजनाच्या हिशेबात जेवणाच्या दिवसापेक्षा जड जातो.

एवढे सगळे ताटातच असेल, तर चालायचे कशाला, असे कोणी विचारले की मला बरे वाटते, कारण चालण्याकडे वजन उतरवण्याचे साधन म्हणून पाहणे तेथे संपते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, रक्तदाब सुधारतो, झोप लागते, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा वाटा उतरवण्यातल्या वाट्यापेक्षा मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायामही सांगितले आहेत, आणि नेमके तेच आपल्याकडे कोणी करत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, हे सगळे पडवीत होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालणे बंद पडते तेव्हा तर यावाचून इलाज नसतो, कारण कोकणातला पाऊस चार महिन्यांत आठ महिन्यांची सवय मोडतो.

काट्याविषयी एक सूचना. मे महिन्यात घामाघूम होऊन आल्यावर वजन करू नये. तेव्हा अर्धा-एक किलो कमी दिसतो तो पाण्याचा, आणि दोन तांबे पाणी पोटात गेले की परत येतो. त्याच न्यायाने रात्री सुकट किंवा खारा बांगडा खाल्ल्यावर सकाळी किलोभर वाढलेले दिसते, कारण मीठ पाणी धरून ठेवते. एका रात्रीत किलोभर चरबी साठायची तर गरजेपेक्षा 7700 कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि ते शिमग्यातही जमत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करावे आणि महिन्याचे चार आकडे एकत्र वाचावेत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण गोळी तीच ठेवून खाणे घटवले आणि वर चालणेही वाढवले, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याचा विचार पुढे ढकलावा. बाकीच्यांचे सहा-आठ महिन्यांनी वजन उतरता उतरता थांबते, आणि तेव्हा हाच प्रश्न पुन्हा येतो. अशा वेळी मी पुन्हा वाटी आणायला सांगते. बहुतेकदा भात 150 ग्रॅमवरून 200 वर गेलेला असतो, आणि कोणाच्या ते लक्षातही आलेले नसते. वाटी जागच्या जागी असेल, तर वजन जेथे थांबले आहे ते पुरेसे आहे का, हे पाहते, कारण मूळ वजनाच्या पाच टक्के, म्हणजे 72 किलोंच्या बाईचे साडेतीन किलो, उतरले तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. वाटी बरोबर आहे, चालणे बरोबर आहे आणि तरीही वजन उलट वाढत आहे, असे असेल तर थायरॉइडची तपासणी करायला पाठवते.