इन्स्टॉलर अर्ध्यात थांबला आणि पार्टिशनं दिसेनाशी झाली, तर

नवी ऑपरेटिंग सिस्टम टाकताना काहीतरी बिनसलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि आता अख्खी डिस्क 'अनअलोकेटेड' दिसतेय. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास येतो, 'कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चांगलं?' तो प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की इन्स्टॉलर नेमका कुठल्या पायरीवर थांबला. फक्त पार्टिशन टेबल (डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशनं, कुठून कुठपर्यंत आहेत याची यादी) बदलून थांबला असेल, तर बहुधा सगळं जसंच्या तसं परत मिळतं. फॉरमॅट करून थांबला असेल, तर डिस्क एसएसडी आहे की फिरती हार्ड डिस्क यावर बरंच ठरतं. फाइल्स कॉपी करायला लागला असेल, तर त्या जिथे पडल्या तिथलं गेलं, बाकीच्यासाठी झगडता येतं.

त्याच्याही आधी एक खात्री: पार्टिशनं खरंच गेलीत का? बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधला) स्टोरेज मोड रेड किंवा व्हीएमडी अशा वेगळा ड्रायव्हर लागणाऱ्या पद्धतीवर असेल आणि इन्स्टॉलरकडे ड्रायव्हर नसेल, तर त्याला डिस्कच दिसत नाही. इथे रिकव्हर करण्यासारखं काही झालेलंच नसतं. दुसरा चकवा यूएसबी केसचा, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायच्या डब्याचा. काही केस ५१२ बाइटच्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान तुकडा) डिस्क संगणकाला ४०९६ बाइटची म्हणून दाखवतात. टेबलमधले आकडे सेक्टरमध्ये असल्यामुळे सगळ्या सीमा आठपट पुढे सरकतात आणि डिस्क कोरी वाटते. डिस्क काढून थेट साटा पोर्टला जोडा, मग काय ते बोला.

पार्टिशन टेबल म्हणजे शेताचे बांध. बांध मोडले म्हणून पीक जळत नाही. एमबीआर या जुन्या पद्धतीत हे बांध पहिल्या ५१२ बाइटांत मावतात: ४४६ बाइट बूट कोड, मग १६ बाइटांच्या चार नोंदी, शेवटी दोन बाइटांची सही. जीपीटी या नव्या पद्धतीत सेक्टर ० वर नुसता संरक्षक एमबीआर, सेक्टर १ वर हेडर आणि सेक्टर २ ते ३३ मध्ये १२८ नोंदी असतात. याचीच दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत असते. आजकालची पार्टिशनं साधारणपणे सेक्टर २०४८ पासून, म्हणजे १ एमआयबीपासून (१०२४ × १०२४ बाइट) सुरू होतात, त्यामुळे नवं टेबल लिहिलं तरी मधल्या डेटाला धक्का लागत नाही. अपवाद शेपटाकडे: जुन्या एमबीआर डिस्कवर जीपीटी लिहिलं गेलं आणि शेवटचं पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत भिडलेलं असेल, तर त्याचे शेवटचे काही सेक्टर जातात. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टमच्या बूट सेक्टरची (पहिल्या सेक्टरची) राखीव प्रत नेमकी पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरवर असते, हे इथे लक्षात ठेवा.

आता हात थांबवा. विंडोजने 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' करायचं का विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क किंवा एफएससीके ही दुरुस्तीची साधनं चालवू नका; चुकीच्या सीमेवर चालवलेली दुरुस्ती ही मोडतोडच. पुन्हा इन्स्टॉल करून बघण्याचा मोह तर अजिबात नको.

लिनक्सचा इन्स्टॉलर चुकून अजून चालूच असेल आणि 'डिव्हाइस बिझी, टेबल पुन्हा वाचता आलं नाही' अशी तक्रार करत असेल, तर मशीन बंद करू नका. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डोक्यात अजून जुनं टेबल आहे. सिस फोल्डरमधल्या ब्लॉक फोल्डरखाली त्या डिस्कच्या नावात शिरलात की प्रत्येक पार्टिशनच्या फोल्डरमध्ये 'स्टार्ट' आणि 'साइझ' अशा दोन फाइल्स असतात. त्यांतले आकडे ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतात. ते कागदावर उतरवले की अर्ध्याहून जास्त काम झालं. रीस्टार्ट केल्यावर ही संधी गेली.

यानंतर क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत. निदान तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क घ्या, लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत काढा. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय, म्हणजे अडलेल्या जागा खरवडत न बसता नीट वाचता येणारं आधी उचललं जातं. दुसऱ्या फेरीत 'डी' आणि 'आर३', म्हणजे कॅशे टाळून राहिलेल्या जागा तीनदा वाचून बघायच्या. दोन्ही फेऱ्यांना मॅपफाइल (कुठलं वाचून झालं त्याची नोंद) तीच द्या, नाहीतर दुसरी फेरी पहिल्यापासून सुरू होईल. इन्स्टॉलेशन फसण्याचं मूळ कारणच मरायला टेकलेली डिस्क असणं काही दुर्मीळ नाही. स्मार्टकंट्रोलने पेंडिंग, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या, सेक्टरचा आकडा बघून घ्या. पुढचं सगळं शक्यतो क्लोनवर करा.

जीपीटीची शेवटची प्रत वाचवेल असं अनेकांना वाटतं. इन्स्टॉलरने रीतसर नवं टेबल लिहिलं असेल तर त्याने दोन्ही प्रती बदललेल्या असतात, तिथे तिचा उपयोग नाही. ती कामी येते दुसऱ्याच अपघातात: यूएसबीवर आयएसओ (इन्स्टॉलरची इमेज फाइल) लिहायला गेलात आणि डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडला हार्ड डिस्कचं नाव दिलंत. तेव्हा फक्त सुरुवात चिरडली जाते, शेपूट शाबूत राहतं. जीडिस्क हे जीपीटी दुरुस्त करायचं साधन उघडा. एमबीआर वापरू की जीपीटी असं विचारलं तर जीपीटी निवडा, कोरा जीपीटी नव्हे. मग 'आर' ने रिकव्हरी मेनू, 'बी' ने राखीव हेडर, 'सी' ने राखीव टेबल आणि 'पी' ने यादी. यादी ओळखीची वाटली तरच 'डब्ल्यू', नाहीतर 'क्यू' करून बाहेर. बऱ्याच आयएसओंमध्ये स्वतःचा जीपीटी हेडर असतो आणि तो आड येऊन आयएसओचीच पार्टिशनं दाखवत राहतो. असं झालं तर क्लोनवरचा सेक्टर १ शून्यांनी भरा. मुख्य हेडर अवैध ठरला की जीडिस्क डिस्कच्या शेवटाकडे वळतं. टेबल परतल्यावरही लिनक्स डिस्कला 'आयएसओ९६६०' म्हणत असेल तर गोंधळू नका. ती सही सेक्टर ६४ वर असते, जीपीटीच्या टेबलाबाहेर, त्यामुळे टेबल लिहून ती पुसली जात नाही. वाइपएफएस या सह्या पुसणाऱ्या साधनाला 'ए' पर्यायासोबत फक्त तो एक प्रकार सांगून ती काढा. प्रकार न सांगता नुसता 'ए' दिलात तर बाकीच्या सह्याही जातील.

टेबल खरोखरच बदललं असेल तर टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशनं शोधणारं साधन. लॉग तयार करा, डिस्क निवडा, टेबलचा प्रकार निवडा. इथेच बरेच जण घसरतात: टेस्टडिस्क आत्ता डिस्कवर जे आहे त्यावरून प्रकार सुचवतं, तुम्हाला हवा आहे तो जुना. आधी एमबीआर असेल तर 'इंटेल', जीपीटी असेल तर 'ईएफआय जीपीटी'. मग 'अॅनालाइज', 'क्विक सर्च'. सापडलेल्या प्रत्येक ओळीवर 'पी' दाबा आणि फाइल्स दिसतात का ते बघा. मराठी नावांचे फोल्डर, ओळखीचे फोटो, आकार, तारखा, सगळं जागेवर असेल तर ते पार्टिशन खरं. याच पडद्यावर 'ए' ने सगळं निवडून मोठ्या 'सी' ने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतं, टेबलमध्ये एक अक्षरही न लिहिता. 'राइट' करण्याआधी हे करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'डीपर सर्च' जास्त शोधतो आणि जास्त फसवतोही. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइल्स, पूर्वी कधीतरी केलेली पार्टिशनं, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमच्या राखीव सुपरब्लॉकवरून (तिच्या मुख्य नोंदीच्या प्रतीवरून) बनलेली भुतं, हे सगळं यादीत येतं आणि एकमेकांवर चढतं. डाव्या-उजव्या बाणांनी नको ती 'डी', म्हणजे डिलीटेड करा. 'स्ट्रक्चर बॅड' दिसतंय तोवर 'राइट' ला हात लावू नका.

टेस्टडिस्क अडलं तर सीमा हाताने काढता येतात, आणि हे वाटतं तेवढं अवघड नाही. १ टीबीची नेहमीची डिस्क घ्या: १,९५,३५,२५,१६८ सेक्टर. विंडोजची सवयीची मांडणी असेल तर २०४८ पासून १०० एमबीचं ईएफआय (बूटसाठीचं) पार्टिशन, २०६८४८ पासून १६ एमबीचं राखीव, आणि २३९६१६ पासून सी ड्राइव्ह. हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सेक्टर २३९६१६ उघडा. चौथ्या बाइटपासून 'एनटीएफएस' अशी अक्षरं दिसली तर हा बूट सेक्टर. आता ऑफसेट ४० वरचे आठ बाइट उलट्या क्रमाने वाचा. ही सेक्टरांची एकूण संख्या. समजा ती ४१,९४,३०,३९९ निघाली. पार्टिशनची खरी लांबी त्याहून एकने जास्त, कारण शेवटचा राखीव सेक्टर या मोजणीत धरलेला नसतो. म्हणजे ४१,९४,३०,४०० सेक्टर, बरोबर २०० जीआयबी, आणि शेवट ४१,९६,७०,०१५ वर. तो सेक्टर उघडा. पहिल्याचीच हुबेहूब प्रत तिथे दिसली तर शंकेला जागाच नाही, आणि पुढचं पार्टिशन ४१,९६,७०,०१६ ला शोधायचं. तिथे काही नसेल तर २०४८ च्या पटीत पुढे सरकत राहायचं.

ईएक्सटी४ मध्ये सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर असतो, म्हणजे सापडलेल्या सेक्टरमधून दोन वजा केले की सुरुवात मिळते. पण सापडलेला सुपरब्लॉक मूळ की राखीव? सुपरब्लॉकमध्ये ऑफसेट ९० वर ब्लॉक ग्रुपचा क्रमांक असतो. शून्य असेल तरच मूळ. मूळच खराब असेल तर ४ केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टममध्ये प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ या ब्लॉकांवर असतात. या जागा शोधायला एमकेईटूएफएस 'एन' पर्यायासह चालवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो 'एन' विसरलात तर ती कमांड फॉरमॅट करते. आकडे पाठ करणं स्वस्त. तपासणी ईटूएफएससीकेने, 'एन' देऊन, म्हणजे काही न लिहिता. आणि माउंट करताना नुसतं रीड-ओन्ली पुरत नाही, जर्नल (बदलांची नोंदवही) तरीही लिहिलं जाऊ शकतं. सोबत 'नोलोड' द्या.

फॉरमॅट झालं असेल तर कथा बदलते. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट थोडंच लिहितं. एसएसडीवर मात्र ईएक्सटी४ फॉरमॅट करताना आधी सगळ्या जागेला ट्रिम ('ही जागा आता नको' असा ड्राइव्हला निरोप) पाठवलं जातं, विंडोजचं फॉरमॅटही ट्रिम पाठवतं, आणि मग ड्राइव्ह त्या जागी सहसा शून्यं परत देतो. काही शिंगल्ड (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात. पार्टिशनच्या मधल्या पाच-दहा जागा वाचून बघा. सगळीकडे शून्यं असतील तर महागडं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

एनटीएफएसवर थोडंसं लिहिलं गेलं असेल तर आशा एमएफटीवर, म्हणजे फाइल्सच्या नोंदींच्या मुख्य तक्त्यावर. विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर ती सहसा क्लस्टर (सेक्टरांचा गट) ७८६४३२ वर, म्हणजे ४ केबी क्लस्टर धरून सुरुवातीपासून ३ जीआयबीवर असते. २ जीबीची आयएसओ चुकून लिहिली तर एमएफटी वाचते, ५ जीबीची लिहिली तर तिची सुरुवात गेली. तरी प्रत्येक नोंद १ केबीची असते आणि 'फाइल' या चार रोमन अक्षरांनी सुरू होते, त्यामुळे पुढच्या नोंदी विखुरलेल्या का होईना, शोधता येतात. त्याही गेल्या तर फोटोरेक. ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून उचलतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइल्स फुटक्या निघतात.

एन्क्रिप्शन असेल तर वेगळा हिशोब. लक्स या लिनक्सच्या एन्क्रिप्शनचा हेडर पार्टिशनच्या सुरुवातीला असतो, लक्स२ मध्ये साधारण १६ एमआयबी. तो पुसला गेला आणि हेडरचा बॅकअप नसेल, तर पासवर्ड माहीत असूनही उपयोग शून्य. विंडोजचं बिटलॉकर आपल्या मेटाडेटाच्या तीन प्रती ठेवतं, म्हणून तिथे रिकव्हरी की हाताशी असेल तर रिपेअर-बीडीई चालवून बघण्यात अर्थ आहे.

पार्टिशनं परतली तरी सिस्टम सुरू होईलच असं नाही. टेस्टडिस्कने लिहिलेल्या जीपीटीत पार्टिशनचा ओळख क्रमांक नवा असू शकतो आणि विंडोजचा बूट डेटा जुना क्रमांक शोधत बसतो. विंडोजच्या इन्स्टॉलेशन यूएसबीवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टमध्ये ईएफआय पार्टिशनला अक्षर द्या आणि बीसीडीबूटला विंडोजचा फोल्डर, ते अक्षर आणि 'यूईएफआय' हा प्रकार सांगा. लिनक्समध्ये फाइल सिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तिच्या आतच असल्याने एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं ती यादी) बहुतेक वेळा तसाच चालतो; त्यात पार्टयूयूआयडी (पार्टिशनचे क्रमांक) लिहिले असतील तर मात्र बदलावे लागतील. ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवा.

पुढच्या प्रयत्नाआधी टेबल बाहेर काढून ठेवा. एसजीडिस्कचा 'बॅकअप' पर्याय जीपीटीच्या दोन्ही हेडरांसह १७,९२० बाइटांची फाइल बनवतो, एमबीआरसाठी एसएफडिस्कचा 'डी' पर्याय साध्या मजकुरात तेच करतो. फाइल त्याच डिस्कवर ठेवू नका. परत आणायला एसजीडिस्कचा 'लोड-बॅकअप' पर्याय, तोही डिस्कचं नाव दोनदा वाचून. लाइव्ह यूएसबीवरून बूट केल्यावर एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून एलएसबीएलके या कमांडच्या यादीत मॉडेल आणि सीरियल नंबर बघूनच एंटर दाबा.