जेसनमध्ये थकबाकी कुठून आणायची

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं काम मी जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये केलंय, म्हणजे पायथॉनमध्ये एपीआय (मोबाईल ॲप आणि वेबसाइटला डेटा पुरवणारा सर्व्हरवरचा भाग) बनवायच्या साधनात. सेक्रेटरी काकांनी सांगितलं, फ्लॅटची यादी उघडली की शेजारी थकबाकी दिसलीच पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं, आणि थकबाकीची वजाबाकी एपीआयनेच करून द्यायला हवी, कारण मोबाईलवाला एक हिशोब करणार, वेबवाला दुसरा करणार आणि मग मीटिंगमध्ये आकड्यांवरून वाद.

टेबलात थकबाकीचा कॉलम नाही, एकूण बिलं वजा एकूण भरणा. त्यामुळे पहिल्यांदा सिरियलायझरमध्ये (डेटाबेसमधल्या नोंदी जेसनमध्ये, म्हणजे एपीआय पाठवतं त्या मजकुराच्या साच्यात, बदलणारा कोड) सिरियलायझर मेथड फील्ड लावलं, म्हणजे ज्याची किंमत एक मेथड (फंक्शन) काढून देते असं फील्ड. फील्डचं नाव थकबाकी, तर मेथडचं नाव गेट अंडरस्कोर थकबाकी, तिने जे परत दिलं ते जेसनमध्ये जातं, शिवाय फील्ड रीड-ओन्लीच असतं, म्हणजे बाहेरून त्यात काही लिहिता येत नाही. सोपं आहे, मला अजूनही आवडतं.

पण ती मेथड प्रत्येक फ्लॅटला एकदा चालते. आमचे १२० फ्लॅट, आत दोन बेरजा म्हणजे दोन क्वेऱ्या (डेटाबेसकडे केलेल्या विचारणा), वर यादीची एक, एका रिक्वेस्टला २४१ क्वेऱ्या! क्वेऱ्या मोजून दाखवणाऱ्या डीबग टूलबारमध्ये आकडा बघून धस्स झालं.

मग बेरजा क्वेरीसेटवरच (फ्लॅटची यादी आणणारी जँगोची क्वेरी) ॲनोटेटने केल्या, म्हणजे प्रत्येक ओळीला डेटाबेसकडूनच हिशोब जोडून घेतला, बिलं आणि भरणा दोन्ही एकत्र. क्वेरी एकच झाली पण खरा घोळ इथेच आहे, नीट वाचा. एका फ्लॅटची २००० ची तीन बिलं, २००० चे दोन भरणे, थकबाकी २००० यायला हवी, आली शून्य. दोन टेबलं एकदम जोडली की प्रत्येक बिल प्रत्येक भरण्यासोबत येतं, सहा ओळी होतात, मग बिलं पण १२००० आणि भरणा पण १२०००. एररबिरर काही नाही, गुपचूप चुकीचा आकडा. आणि ज्यांनी एकदाही पैसे भरले नव्हते त्यांच्यापुढे नल, म्हणजे काहीच किंमत नाही.

उपाय म्हणजे दोन्ही बेरजांना वेगवेगळी सबक्वेरी (मोठ्या क्वेरीच्या आतली छोटी क्वेरी), आणि दोन्हींवर कोअलेस हे फंक्शन लावून रिकाम्या जागी शून्य. सिरियलायझरमध्ये आता साधं डेसिमल फील्ड (दशांश आकड्याचं), रीड-ओन्ली. ते डीफॉल्टने आकडा स्ट्रिंग म्हणून, म्हणजे मजकुराच्या रूपात, पाठवतं, पैशांसाठी तेच योग्य, फक्त मोबाईलवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तिकडे बेरीज करायला जाईल आणि आकडे एकमेकांना चिकटतील.