मारिओ आणि सोनिक एकाच ट्रॅकवर
आज भावासोबत ‘मारिओ अँड सोनिक अ‍ॅट द ऑलिम्पिक गेम्स’ पुन्हा खेळले. हा या व्हिडिओ गेम मालिकेतला २००७ चा पहिला भाग, आणि माझा अजूनही सगळ्यात लाडका. नव्वदच्या दशकात मारिओची कंपनी निन्टेन्डो आणि सोनिकची कंपनी सेगा एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. सोनिक आला तोच मारिओला टक्कर द्यायला! २००१ मध्ये सेगाने कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, बनवणं सोडलं आणि इतरांच्या कन्सोलसाठी गेम बनवायला घेतले, तेव्हा कुठे ही दोघं एका गेममध्ये येण्याची वाट मोकळी झाली.

दोन्हीकडचे आठ-आठ, असे एकूण १६ खेळाडू. कुणी वेगाचा, कुणी ताकदीचा, कुणी कौशल्याचा, तर कुणी सगळ्याच बाबतीत बरा. शंभर मीटरला भावाने अर्थातच सोनिक घेतला. दोन्ही हातांतले रिमोट वरखाली हलवून माझे खांदे भरून आले, तरी तो पुढेच. पण भालाफेकीला मी मारिओचा शत्रू बाउझर घेतला आणि चित्रच पालटलं. एवढं जड धूड, पण काय फेकतो!

मला सगळ्यात आवडतात ते खलनायक. बाउझर आणि सोनिकचा शत्रू एगमॅन इथे कुणाला पळवून नेत नाहीत, निमूट रांगेत उभे राहून स्टार्टची वाट बघतात. पुढच्या हिवाळी भागात गोरिला डाँकी काँग आणि सोनिकची खलनायकी रोबो-प्रत मेटल सोनिकही आले. उद्या तोच लावणार आहोत. मेटल सोनिक माझा, आधीच सांगून ठेवलंय.